क्रूस कोणाच्या खांद्यावर?

ज्या ग्रंथाचा आधार घेऊन मालकाने गुलामाला बांधले, तोच ग्रंथ गुलामाने उराशी का धरला? अमेरिकेतील गुलामगिरीवरच्या कादंबऱ्या वाचताना हा प्रश्न पडल्यावाचून राहत नाही. ज्या घराने धर्म विचारपूर्वक बदलला, त्या घराला तर तो अधिकच बोचतो. म्हणून त्याचा शांतपणे विचार करू.

मळेवाले बायबलमधून दोन आधार काढीत. एक, नोहाचा शाप. तो शाप हामच्या मुलाला, कनानला दिलेला आहे आणि तेथे कातडीच्या रंगाविषयी एक शब्दही नाही. तरीही आफ्रिकेचे लोक म्हणजे हामची शापित प्रजा, असा अर्थ लावण्यात आला. दुसरा आधार पौलाच्या पत्रांतला: दासांनी धन्याची आज्ञा पाळावी. परंतु त्याच ग्रंथात मोशेची कथाही होती. फारोच्या दास्यातून एक सबंध समाज समुद्र ओलांडून बाहेर पडतो, ही कथा गुलामांनी आपली मानली. वेस्ट इंडीजमधील गुलामांसाठी १८०७ साली लंडनमध्ये बायबलची निवडक आवृत्ती छापली गेली, तेव्हा तिच्यातून ही सुटकेची कथाच गाळण्यात आली. गाळणाऱ्यांनी तिची ताकद बरोबर ओळखली होती!

हॅरिएट बीचर स्टो या गोऱ्या लेखिकेची ‘अंकल टॉम्स केबिन’ १८५२ साली पुस्तकरूपाने निघाली. तिच्यात एलायझा मुलाला कवटाळून ओहायो नदीच्या फुटत्या बर्फावरून पलीकडे जाते, तेव्हा बायबल पाठ असलेल्या वाचकाला मोशेचा समुद्र आठवतो. टॉमला मात्र लेखिकेने येशूचा क्रूस दिला आहे. पळालेल्या दोन स्त्रिया कोठे लपल्या आहेत, हे टॉमला ठाऊक आहे. तो सांगत नाही. मालक त्याला मरेस्तोवर मारवतो. ज्यांनी फटके मारले ते दोघेही गुलामच. टॉम त्यांना क्षमा करतो आणि ते रडू लागतात.

पुढे ‘अंकल टॉम’ ही लाचारीची शिवी झाली. हा टॉमवर अन्याय आहे. एका दुबळ्या स्त्रीला फटके मार, हा हुकूम त्याने साफ नाकारला होता. जो माणूस नकार देतो आणि त्याची किंमत स्वतः मोजतो, त्याला लाचार कसे म्हणावे? दोष आहे तो चौकटीत. गुलामाने निष्पाप मरून दाखवावे, मग आम्ही त्याला माणूस म्हणू, असा तिचा सूर आहे. जेम्स बॉल्डविन या कृष्णवर्णी लेखकाने १९४९ साली या कादंबरीवर कठोर टीका केली, ती टॉमचे माणूसपणच हिरावले गेले म्हणून. क्रूस वाहणारा वंदनीय खरा. पण तो नेहमी एकाच जातीच्या खांद्यावर का?

याचे उत्तर टोनी मॉरिसन यांच्या ‘बिलव्हेड’ (१९८७) या कादंबरीत शोधता येते. तेथे बेबी सग्ज ही मुक्त झालेली वृद्धा रानातल्या मोकळ्या जागेत आपल्या लोकांना जमवते. पापे धुवा, सोसा, असे ती सांगत नाही. ज्या हातापायांना इतरांनी तुच्छ मानले त्यांच्यावर तुम्ही स्वतः प्रेम करा, असे सांगते. तिच्या घरी थोड्याशा फळांतून नव्वद माणसांचे जेवण होते. भाकरी आणि मासे पुरवणाऱ्या येशूची ही आठवण. पण जेवून गेलेल्या शेजाऱ्यांच्याच पोटात मत्सर उठतो. दुसऱ्या दिवशी तिची सून सेथ हिला पकडायला चार घोडेस्वार येतात, प्रकटीकरणातल्या विनाशाच्या स्वारांसारखे. आणि कोणी धावत येऊन सावध करीत नाही! मुले पुन्हा दास्यात जाऊ नयेत म्हणून सेथ स्वतःच्या लेकीचा जीव घेते. मॉरिसन यांनी हे हवेतून आणलेले नाही. १८५६ साली मार्गारेट गार्नर या पळालेल्या गुलाम स्त्रीने असेच केले होते.

त्या घराची कथा १८७३ साली सुरू होते. त्याच वर्षी महात्मा फुले यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध करून अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांना ती अर्पण केली. दूरच्या त्या दुःखाशी आपले नाते इतके जुने आहे.

अखेरीस तीस स्त्रिया सेथच्या दारी येतात. योहानाच्या शुभवर्तमानात आरंभी शब्द आहे; या स्त्रियांपाशी आधी शब्द नाही, नुसता कंठातला नाद आहे. ज्यांनी पूर्वी पाठ फिरवली होती त्यांच्यातल्याच या बाया. सेथची सुटका त्यांच्या येण्याने होते.

ग्रंथातले प्रतीक मालकाच्याही हाती चालते आणि गुलामाच्याही. ते कोणाला उभे करते आणि कोणाला वाकवते, हे पारखूनच घ्यावे लागते. पण ग्रंथ बदलला, प्रतीक बदलले, एवढ्याने भागत नाही. शेजाऱ्याच्या दाराकडे घोडेस्वार निघालेले दिसले, तर आपण धावत जाऊन सांगू काय? हा प्रश्न ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावा.