एक देह, अनेक अवयव

परभणी जिल्ह्यातील पोखर्णीस नृसिंहाच्या दर्शनाला जाणाऱ्या भाविकाच्या मनात प्रल्हाद जागा असतो. त्याच मुलखातील गंगाखेडच्या जनाबाईबरोबर विठ्ठल दळू लागला असे परंपरा सांगते. आणि या दोन्ही कथांत देव धावून येतो तो एकेका भक्तासाठी. या संस्कारांत वाढलेल्या वाचकाला, ख्रिस्ताशी जडणारे नाते ख्रिस्ती धर्मशास्त्र एकट्या जिवापेक्षा अवघ्या मंडळीच्या संबंधात अधिक आग्रहाने मांडते, हे प्रथमदर्शनी नवलाचे वाटेल.

या विचाराचे बीज दिमिष्काच्या वाटेवर पडले. ख्रिस्तानुयायांना बांधून आणण्याचा परवाना घेऊन निघालेल्या शौलाला, तो आपल्या लोकांचा नव्हे, आपलाच छळ का करीत आहे, असे ख्रिस्ताने विचारले; आणि हाच शौल पुढे पौल होऊन करिंथ व इफिस येथील मंडळ्यांना लिहू लागला, तेव्हा ख्रिस्त मस्तक व मंडळी त्याचे शरीर, तो वर व ती वधू, हीच रूपके त्याने विस्ताराने मांडली. मात्र या ऐक्यात भेद विरून जात नाही. अद्वैत्याच्या मोक्षाहून ते इथेच निराळे पडते: वधू कितीही एकरूप झाली तरी ती वर होत नाही, आणि म्हणूनच प्रेमाला जागा उरते. प्रभुभोजनात एकच भाकर मोडून सर्वांना वाटतात. ती घेताना शेजारच्याला परका मानणारा त्या देहाचाच अवमान करतो, असे मला मनापासून वाटते.

या देहाची हद्द कोणती, हा प्रश्न महाराष्ट्रात सर्वांत तळमळीने विचारला तो नारायण वामन टिळकांनी. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने १९१७ मध्ये मिशनची पगारी चाकरी सोडून साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभारला व त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना सारखेच स्थान दिले. बाप्तिस्म्याने मनुष्य ख्रिस्ताच्या देहात सामील होतो, ही मंडळीची प्राचीन श्रद्धा आहे आणि ती मला हलकी वाटत नाही. परंतु ख्रिस्ताशी जडलेले नाते मिशनच्या दप्तरातील नोंदीने सुरू होत नाही, हे टिळकांचे म्हणणे पौलाच्या शिकवणीला धरूनच होते, असे माझे मत आहे. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळक निवर्तले, आणि त्यांच्या पश्चात दरबारही फार दिवस टिकला नाही.