मुदतीचे मैत्र

ज्या सहवासाची अखेरची तारीख पहिल्याच दिवशी ठरलेली असते, त्यातून उपजलेल्या स्नेहाला मैत्री म्हणता येईल काय, हा नीतिशास्त्रातला जुना प्रश्न अलीकडे मराठी घरांच्या उंबरठ्यावर नव्याने येऊन ठेपला आहे. ऑस्ट्रेलियाने २०२४ मध्ये ‘वर्क अँड हॉलिडे’ व्हिसा भारतीयांना खुला केला. १८ ते ३० वर्षे वयाच्या अर्जदारांतून वर्षाला १,००० जणांना सोडतीने ही संधी मिळते आणि बारा महिने तिथे राहून, मिळेल ते काम करून, आपला खर्च आपणच भागवता येतो. तिथल्या पेरिशर, थ्रेडबो या बर्फाच्या डोंगरांवर स्कीइंगचा हंगाम जूनपासून ऑक्टोबरच्या आरंभापर्यंत चालतो, आणि त्या काळात हॉटेलांत भांडी घासणारी वा डोंगरावर जाणाऱ्या पाळण्यांपाशी उभी राहणारी देशोदेशीची मुले पायथ्याच्या जिंडाबाइन गावात एकेका खोलीत दाटीवाटीने राहून काटकसरीत हंगाम काढतात.

आषाढ पौर्णिमेनंतर सुरू होऊन आश्विन पौर्णिमेला संपणारा बौद्ध भिक्षूंचा वर्षावासही जवळजवळ याच महिन्यांत येतो. वर्षावास म्हणजे एरवी गावोगाव फिरणाऱ्या भिक्षूने पावसाचे तीन महिने एका जागी मुक्काम करणे. पावसात चालताना कोवळे गवत आणि बारीक जीव पायांखाली चिरडले जातात, या लोकांच्या तक्रारीवरून हा नियम झाला, असे विनयपिटक, म्हणजे भिक्षुसंघाच्या आचारनियमांचा ग्रंथसमूह, सांगते. अशा मुक्कामाचा जमाखर्च महाराष्ट्रात दगडावर शिल्लक आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने कोरविलेल्या लेखानुसार, त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे व्यावसायिकांच्या संघटनेकडे, २,००० कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, दरमहा शेकडा एक दराने कायमचे ठेवले, आणि मुद्दलाला हात न लावता येणाऱ्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, मिळावेत अशी सोय केली. वर्षाचे व्याज २४० आणि वीस जणांना बारा बारा, असा हिशेब चोख बसतो, हातात काहीच उरत नाही. त्याहून मोलाची गोष्ट ही की लेणे चारही दिशांच्या संघाला दिलेले आहे. येणारे वीस जण कोण असतील आणि ते एकमेकांना ओळखत असतील की नाही, याची अट दात्याने घातलेली नाही.

मुदतीच्या सहवासाची ओळख व्हायला मात्र परदेशी जावे लागत नाही. पनवेल तालुक्यातील बेलपाडा, जिथे नोव्हेंबर २०२३ पासून नवी मुंबई मेट्रो थांबते, ते खारघरच्या वसाहतीने वेढलेले गाव आहे. सिडकोच्या नगररचनेत शेतजमिनी गेल्यावर या पट्ट्यातील अनेक आगरी कुटुंबांना घरभाड्याचा आधार झाला, आणि गावठाणांतील खोल्यांत शिकणारी, नोकरी शोधणारी मुले अकरा महिन्यांच्या करारावर राहू लागली. अशा खोलीचे डिपॉझिट सर्वांनी मिळून भरलेले असते, कुकर एकाचा, शेगडी दुसऱ्याची, आणि महिनाअखेरीस दूध, सिलिंडर, वीजबिल यांची वाटणी टीटीएमएमने, म्हणजे ‘तुझे तू, माझे मी’ या न्यायाने होते. एखाद्याचा पगार लांबला आणि दुसऱ्याने त्याचा वाटा न बोलता भरला, की तो न्याय मोडतो.

ॲरिस्टॉटलने मैत्रीचे उपयोगावर, सुखावर आणि सद्गुणावर आधारलेले असे तीन प्रकार मानले, आणि तिसऱ्या, खऱ्या प्रकाराला काळ लागतो, पुरेसे मीठ एकत्र खाल्ल्यावाचून माणसे एकमेकांना ओळखत नाहीत, असा दाखला दिला. त्या मोजमापाने बेलपाड्याची खोली आणि जिंडाबाइनची खोली दोन्ही उपयोगाच्या खात्यात जमा होतील. परंतु काळ किती गेला यापेक्षा त्या काळात लपायला जागा किती होती, हे अधिक महत्त्वाचे मानले पाहिजे. ज्याच्याजवळ पैसा आहे तो स्वतंत्र खोली घेऊन आपला आळस, आपला राग, आपली भीती दाराआड ठेवू शकतो. चौघांत एकच न्हाणीघर असेल तर ते शक्य होत नाही. तंगीने मैत्री जन्मत नाही, तंगीने भांडणेही होतात. तिने माणूस मात्र लवकर उघडा पडतो.

खरा धोका निराळाच आहे आणि तो विनयपिटकाने अचूक हेरला आहे. कोसल देशातील काही भिक्षूंनी वर्षावासात तंटा नको म्हणून एकमेकांशी बोलायचेच नाही असे ठरवले, पाणी भरणे, जागा झाडणे ही कामे मुकाट्याने वाटून घेतली, आणि आपण सुखाने राहिलो असे बुद्धांना अभिमानाने सांगितले. बुद्धांनी त्यांची प्रशंसा न करता, हे तर पशूंसारखे एकत्र राहणे झाले, असा ठपका ठेवला. याच प्रसंगी प्रवारणेचा विधी सांगितला गेला: वर्षावास संपताना प्रत्येक भिक्षूने, अगदी ज्येष्ठानेही, संघासमोर उकिडवे बसून, हात जोडून विनवायचे की आपला जो दोष कोणी पाहिला, ऐकला किंवा ज्याची शंका आली, तो करुणेने सांगावा. ‘दोनचार महिन्यांचाच प्रश्न आहे, कशाला वाईटपणा घ्यायचा’ हे हंगामी सोबत्यांचे नेहमीचे तत्त्व म्हणजे त्या कोसलातील मौनाचेच सौम्य रूप होय, आणि हंगामी स्नेह पोकळ राहतो तो मुदतीमुळे नव्हे, या तत्त्वामुळे. कल्याणमित्र, म्हणजे ज्याच्या संगतीत माणूस अधिक चांगला होतो असा मित्र, हा अर्धे ब्रह्मचर्य आहे असे बुद्धांचा शिष्य आनंद म्हणाला, तेव्हा बुद्धांनी त्याला थांबवून तो संपूर्ण ब्रह्मचर्य आहे असे सांगितल्याचे संयुत्तनिकाय या बौद्ध ग्रंथात नोंदले आहे. येथे ब्रह्मचर्याचा अर्थ श्रेष्ठ धार्मिक जीवन असा आहे.

यावर एक आक्षेप उरतो आणि तो गंभीर आहे: प्रवारणा निघण्याच्या वेळी होते, मग दोष कळून सोबत्यांना त्याचा उपयोग काय? सोबत्यांना तो फारसा नसतोच. भिक्षू दुसऱ्या वाटेने जातो, पुढच्या वर्षावासात त्याच्या शेजारी दुसरेच लोक असतात, आणि पहिल्यांनी वाईटपणा घेऊन सांगितलेल्या गोष्टीचा लाभ त्या अनोळखी माणसांना होतो.