पट्टा त्याच्या गळ्यात, नेम आपल्या गळ्यात

तीन वर्षांपूर्वी कार्तिकात एका गावी आमचे कीर्तन झाले. आरती आटोपली, मंडळी पांगली, तरी एक माळकरी गृहस्थ खांबाला टेकून बसूनच राहिले. मग जवळ येऊन म्हणाले, "महाराज, एक इचारायचं हाय. पर ते देवाधर्माचं न्हाई, कुत्र्याचं हाय."

आम्ही म्हणालो, "बोला माउली. कुत्रं काय देवाच्या बाहेर पडलं?"

हकीकत अशी. गावाबाहेर एक गोदाम होते. तिथे राखणीला विलायती जातीचा थोराड कुत्रा बांधलेला. रात्रंदिवस साखळीवर. मार रोजचा, भाकर कधीमधी. पुढे गोदाम बंद पडले आणि मालक कुत्रा तसाच टाकून निघून गेला. हे गृहस्थ रोज भाकर नेऊन टाकू लागले. कुत्रा त्यांना ओळखू लागला. पण दुसरे कोणी जवळ आले की साखळी ताणून अंगावर झेप घ्यायचा. गाव म्हणे, विष घाला. घरची माणसे म्हणत, लेकराबाळांत हा वाघ नको. "आणावा तर भ्या वाटतंय, सोडावा तर झोप येत न्हाई," असे म्हणून ते गृहस्थ गप्प बसले.

वाचकहो, प्रश्न कुत्र्याचा दिसतो. परंतु भूतदया म्हणजे नेमके काय, हेच त्यांनी विचारले होते. गीतेच्या पाचव्या अध्यायात समदृष्टी सांगताना भगवंतांनी गाय आणि हत्ती यांच्या पंक्तीला कुत्राही बसवला आहे. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे, ती कोरडी खाऊ नकोस म्हणून, नामदेवराय तुपाची वाटी घेऊन धावले, ही कथा आपल्या पोरांनाही ठाऊक आहे. पण नामदेवरायांचे कुत्रे पोळी घेऊन पळत होते. यांच्यापुढचे दात विचकून उभे होते. तिथे एक वाटी तूप पुरत नाही. तिथे दया कशी करावी?

यावर आम्ही त्यांना परमुलखातली एक खरी गोष्ट सांगितली. अमेरिकेत व्हर्जिनिया प्रांतात २००७ साली मायकेल व्हिक नावाच्या एका नामांकित फुटबॉल खेळाडूच्या जागेत पन्नासच्या आसपास पिटबुल कुत्री सापडली. ती झुंजीसाठी पाळलेली होती. मोटारीचे आस जमिनीत पुरून त्यांना जड साखळ्यांनी जखडलेले. जी झुंजीत कमी पडत त्यांना हालहाल करून मारीत. खेळाडू तुरुंगात गेला. आता या कुत्र्यांचे काय? तोवरची चाल अशी की झुंजीचे कुत्रे म्हणजे बिघडलेला माल, सरसकट मारून टाकावा. प्राण्यांच्या कैवारी म्हणवणाऱ्या मोठ्या संस्थांनीही तोच सल्ला दिला.

न्यायालयाने मात्र कळपाचा न्याय केला नाही. जाणकारांकडून एकेका कुत्र्याची वेगळी पारख करवली आणि त्यांच्या पोटापाण्यासाठी व्हिककडून नऊ लाखांवर डॉलर भरून घेतले. त्यांतली ४७ कुत्री जगली. २२ जणांना युटा प्रांतातल्या बेस्ट फ्रेंड्स या आश्रयस्थानाने नेले, बाकीची इतर संस्थांनी वाटून घेतली. जॉनी नावाचा एक कुत्रा पुढे लहान मुलांजवळ बसून त्यांचे वाचन ऐकू लागला. आणि लुकास नावाचा, झुंजीत गाजलेला, त्याला कोणाच्या घरी द्यायचा नाही असे न्यायालयाने बजावले. तो शेवटपर्यंत त्या आश्रयस्थानातच राहिला आणि तिथल्या माणसांचा लाडका झाला. एकाला घर मिळाले, एकाला कुंपण मिळाले. दया दोघांवरही झाली. ज्याला जेवढी मोकळीक सोसते तेवढी देणे, ही दयाच आहे.

गृहस्थ म्हणाले, "म्हंजे माझा कुत्राबी सुधरंल?"

आम्ही म्हणालो, सुधारेलच असे वचन कोणी देऊ नये. पण तो असा का झाला हे तरी समजून घ्या. भ्यालेले जनावर आधी पळते. साखळीने पळायची वाट बंद केली की उरते ती फक्त झेप. तुम्ही जो राग पाहता, तो पुष्कळदा भीतीचाच असतो. फार काळ आखूड किंवा जड साखळीने जनावर बांधून ठेवणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या ११ व्या कलमाखाली गुन्हा आहे, तो उगाच नव्हे.

म्हणून आणायचाच तर असा आणा. आधी जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा, रेबीजची लस टोचून घ्या आणि ती वेळच्या वेळी टोचत राहा. गोठ्याच्या बाजूला उंच, पक्के कुंपण घाला. बाहेर काढताना तोंडाला मुसके आणि हाती मजबूत दोर, लाज वाटू देऊ नका. तो खात असता हात लावू नका, डोळ्याला डोळा भिडवू नका. गुरगुरला तर मारू नका. गुरगुरणे हा त्याचा इशारा आहे, तो मारून बंद केला की इशारा न देता चावतो. जाणते सांगतात, बुजणे कमी व्हायला तीन दिवस, रीत कळायला तीन आठवडे, घर आपले वाटायला तीन महिने. आणि मार खाल्लेल्याला त्याहूनही जास्त. लेकरांना त्याच्याजवळ एकटे कधीच सोडू नका, तो कितीही गरीब झाला तरी. आणि चावलाच, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवायची आणि तडक दवाखाना गाठायचा.

गृहस्थ हसले. "महाराज, ह्यो तर वारीवानी नेमच झाला की!"

अगदी बरोबर. आपण माळ घालतो तेव्हा काय घडते? माळ दिसते गळ्यात, पण बांधला जातो आपला दिवस. तसाच हा पट्टा. दिसतो कुत्र्याच्या गळ्यात, नेम पडतो आपल्या गळ्यात. डोळ्यांत पाणी आले म्हणजे दया झाली असे नव्हे. आज कळवळून घरी आणायचे आणि महिन्याने कंटाळून सोडून द्यायचे, यापेक्षा न आणलेला बरा. एकदा टाकलेल्याला दुसऱ्यांदा टाकण्यासारखे पाप नाही.

आम्ही शेवटी विचारले, "माउली, आषाढीला तुम्ही तीन आठवडे वारीत. तेव्हा त्याला भाकर कोणाच्या हातची?" त्यावर त्यांच्यापाशी उत्तर नव्हते. आम्ही म्हणालो, "आजपासून मुलाला सोबत न्या. आठ महिने आहेत."

त्यांनी कुत्रा आणला. पुढल्या आषाढीला मात्र ते दिंडीत दिसले नाहीत. गावकऱ्यांकडून निरोप आला : "पोराच्या हातचं अजून खात न्हाई. औंदा येत न्हाई, इठोबाला सांगा." पुंडलिकासाठी जो विटेवर थांबला, त्याला एक साल थांबणे काय जड? आम्ही महाद्वारी उभे राहून त्यांचा निरोप सांगितला.

त्याच्या पुढल्या साली ते आले. कुत्रा मुलाच्या हातची भाकर खाऊ लागला होता. परक्या माणसावर अजून गुरगुरतो, मुसके अजून सुटलेले नाही, पोरे कुंपणाबाहेरूनच हाक मारतात. पण साखळी मात्र त्यांनी भंगारात घातली.

ही वाक्‌सेवा पांडुरंगचरणी अर्पण असो. रामकृष्णहरि.