झीज भरून काढण्याचा धर्म

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी वर्धा जिल्ह्यातल्या गावांत बैलांची खांदशेकणी होते. जू घासून घासून मानेवरची कातडी जिथे राठ झालेली असते, तिथे कोमट पाण्याचा शेक देतात, हळद कालवलेले तूप किंवा लोणी चोळतात आणि बैलाला उद्याच्या जेवणाचे आवतण देतात. शिंगांना रंग, पाठीवर झूल, तोरणाखालची मिरवणूक हे सारे दुसऱ्या दिवशीचे. पूजेचा पहिला मान झिजलेल्या जागेला मिळतो. आपल्या कामासाठी जे शरीर झिजले, त्याची झीज आधी पाहायची, तिला हात लावायचा आणि मगच उत्सव करायचा, असा हा क्रम आहे. आज बैलाच्या डवऱ्याचे आणि विळ्याचे बरेचसे काम लहान इंजिनांकडे गेले आहे. अंगणातले, परसातले आणि धुऱ्यावरचे गवत ग्रास कटर कापतो, कपाशीच्या ओळींतून पॉवर वीडर फिरतो, पाठीवरचा फवारणी पंप पेट्रोलवर चालतो. खंडेनवमीला या यंत्रांनाही हळद-कुंकू लागते, झेंडूचा हार चढतो. पण हाराखालचा एअर फिल्टर पावसाळाभर कोणी उघडलेला नसेल, तर त्या पूजेला पूजा म्हणायचे का? यंत्राची निगा हा केवळ सोयीचा आणि पैशांचा व्यवहार आहे, की तिला धर्माचे स्थान आहे? माझे उत्तर असे: ही निगा यज्ञ आहे, आणि तो शब्द मी अलंकार म्हणून वापरत नाही.

या उत्तराचा आधार वर्ध्याच्याच भूमीत आहे. विनोबा 1921 मध्ये वर्ध्यात आले, 1938 मध्ये धाम नदीच्या काठी पवनारला राहू लागले. मधल्या काळात, 1932 मध्ये, धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचने दिली आणि ती साने गुरुजींनी लिहून घेतली. सतराव्या अध्यायावर बोलताना विनोबांनी यज्ञ, दान आणि तप यांचा जो अर्थ लावला, तो अग्नी आणि आहुती यांच्या पलीकडे जातो. माणूस जन्मतःच तीन संस्थांमध्ये राहतो: भोवतालची सृष्टी, समाज आणि स्वतःचे शरीर. आपल्या वापराने या तिन्हींची झीज होते. समाजाची झीज दानाने भरायची, शरीराची तपाने, आणि सृष्टीची झीज ज्या कर्माने भरून निघते तो यज्ञ. त्या यज्ञातही त्यांनी तीन अंगे दाखवली: झीज भरणे, शुद्धी करणे आणि नवे निर्माण करणे. विहीर वापरली की तिच्याभोवती चिखल होतो. तो साफ करणे हाही यज्ञच. म्हणजे यज्ञाची सुरुवात एका कबुलीने होते: मी वापरले, म्हणून झिजले. ही कबुली ज्याच्या मनात नाही, त्याला देवापुढे तूप जाळूनही यज्ञ घडत नाही.

आता हा अर्थ इंजिनाला लावून पाहू. अशा लहान टू-स्ट्रोक इंजिनात सहसा वंगणाची वेगळी टाकी नसते. पेट्रोलमध्येच ठरलेल्या प्रमाणात तेल मिसळावे लागते. काही यंत्रांना पंचवीस भाग पेट्रोलला एक भाग तेल चालते, काहींना पन्नासाला एक, आणि ते यंत्रासोबतच्या पुस्तिकेत लिहिलेले असते. तेल विसरले तर पिस्टन आणि सिलिंडर धातूवर धातू घासतात, तापतात आणि इंजिन जाम होते. फोर-स्ट्रोक इंजिनात तेल वेगळे असते, पण ते काळे पडते. बऱ्याच लहान इंजिनांत पहिल्या दहा तासांनंतर आणि पुढे साधारण पन्नास तासांनी ते बदलावे लागते. उन्हाळ्यात काळ्या मातीची बारीक धूळ उडते, ती फिल्टरमध्ये बसते. हवा कमी पडली की पेट्रोल अर्धवट जळते, प्लगवर काजळी धरते, धूर काळा होतो. फिल्टर फाटका असेल तर तीच धूळ आत जाऊन पिस्टनच्या रिंगा खाते. हंगाम संपल्यावर टाकीत राहिलेले पेट्रोल हळूहळू चिकट होते आणि कार्बोरेटरची सुईएवढी छिद्रे बुजवते. आता पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण वाढले आहे, आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढते. या साऱ्यात दैवाचा किंवा योगायोगाचा भाग फार थोडा आहे. वापर, झीज आणि भरपाई यांची ही सरळ साखळी आहे. वंगण घालणे म्हणजे झीज भरणे, फिल्टर धुणे म्हणजे शुद्धी, आणि बंद पडलेले यंत्र पुन्हा कामाला लावणे म्हणजे निर्मिती. विनोबांची तिन्ही अंगे एका पान्ह्याच्या आणि एका फडक्याच्या कामात भेटतात.

यावर पहिला आक्षेप असा येईल की बैल सजीव आहे, त्याला वेदना होते. इंजिन जड आहे, त्याच्याशी कसला धर्म? आक्षेप रास्त आहे, आणि इंजिनाला जीव आहे असे म्हणून त्याचे उत्तर देता येणार नाही. उत्तर वेगळ्या दिशेला आहे. यंत्र जड असले तरी ते ज्यातून आले ते लोखंड आणि ते तेल सृष्टीचे आहे. लाखो वर्षांत साठलेले इंधन आपण एका दुपारी धुऱ्यावर जाळतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हे यंत्र कोणाच्या तरी पाठीवर, कोणाच्या तरी हातात असते. पुष्कळदा ती पाठ मालकाची नसून मजुराची असते. ग्रास कटरच्या पात्यावरचे कव्हर तुटलेले असेल तर उडालेला दगड त्याच्या पायाला लागतो. फवारणी पंपाची नळी चिरलेली, झाकणाचे वायसर झिजलेले असेल तर विष त्याच्या पाठीवरून ओघळते. 2017 च्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्याला औषधांची मिश्रणे, उंच वाढलेली कपाशी, संरक्षक साधनांचा अभाव, बारीक तुषार उडवणारे पंप अशी अनेक कारणे होती आणि सारा दोष देखभालीवर ढकलणे खोटे ठरेल. पण विष आणि माणसाची कातडी यांच्यामध्ये एक रबरी चकती उभी असते, एवढे त्या वर्षाने शिकवायला हवे. ती चकती वेळेवर बदलणे ही अहिंसाच आहे. जडाशी असलेला धर्म हा जडाच्या आडून जिवाशी असलेला धर्म आहे.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे आणि तो सेवाग्रामच्या बाजूने येतो. यंत्रांच्या वेडाला विरोध करणारे गांधीजी ज्या जिल्ह्यात राहिले, तिथे इंजिनाच्या दुरुस्तीला यज्ञ म्हणणे म्हणजे यंत्रालाच सोवळे नेसवणे नव्हे काय? खुद्द विनोबांनी 1950 च्या सुमारास पवनारच्या परंधाम आश्रमात कांचनमुक्तीचा प्रयोग करताना बैलांशिवाय, केवळ मनुष्यबळावर शेती करून पाहिली. त्या टोकावरून पाहिले तर ग्रास कटर हा अपराधच. ही बाजू हलकी नाही. अंगण चार हात असेल आणि विळा हाताशी असेल तर इंजिन घेऊच नये, हेच खरे. पण गांधीजींचा विरोध सरसकट यंत्राला नव्हता. शिवणयंत्राला त्यांनी अपवाद मानले होते, आणि चरखा हेही यंत्रच आहे असे ते सांगत. 1929 मध्ये अखिल भारत चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. त्याच्या अटी वाचण्याजोग्या आहेत. यंत्राची किंमत दीडशे रुपयांच्या आत असावी, वेळोवेळी निगा राखल्यास ते किमान वीस वर्षे चालावे आणि दुरुस्तीचा वर्षाचा खर्च किमतीच्या पाच टक्क्यांवर जाऊ नये. ते बक्षीस कोणालाच मिळाले नाही. पण दुरुस्तीचा हिशेब यंत्राच्या व्याख्येतच घातला गेला, ही गोष्ट मोठी आहे. यंत्र किती काम करते एवढेच विचारायचे नाही. ते झिजल्यावर ज्याच्या घरी आहे त्याच्या आवाक्यात राहते का, हेही विचारायचे. वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारत ग्रामोद्योग संघ चालवताना गांधीवादी अर्थतज्ज्ञ कुमारप्पांनी पुढे टिकाऊ अर्थव्यवस्थेचा जो विचार मांडला, त्याची मुळे इथलीच. निगा यंत्राला पवित्र करत नाही. निगा राखणारा माणूस यंत्राची मर्यादा ओळखू लागतो, कारण प्रत्येक तासाच्या वापराची किंमत त्याला स्वतःच्या हातांनी भरावी लागते. असा माणूस गरजेपेक्षा जास्त यंत्रे घेत नाही. अपरिग्रह उपदेशाने क्वचितच येतो. सांभाळण्याच्या जबाबदारीतून तो आपोआप येतो.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा. मिस्त्रीची मजुरी, सुट्या भागांसाठी शहराची खेप, बुडालेला दिवस, हे सारे मोजले तर नवे यंत्र स्वस्त पडते. मग गरीब शेतकऱ्याला यज्ञाचा उपदेश करणे क्रूरपणा नाही का? यातले सत्य मान्य केले पाहिजे. सुटे भाग न मिळणारी यंत्रे विकणाऱ्याचा दोष घेणाऱ्याच्या माथी मारता येत नाही, आणि मागणी केली पाहिजे ती आधी बनवणाऱ्याकडे. पण हा हिशेब अर्धाच आहे. फेकलेल्या यंत्राची झीज संपत नाही, ती फक्त नजरेआड होते: गावाबाहेरच्या भंगारात, नाल्यात सांडलेल्या तेलात, नव्या लोखंडासाठी खणलेल्या डोंगरात. शिवाय देखभालीचा मोठा भाग पैशांचा नाहीच. फोमचा फिल्टर साबणाच्या पाण्यात धुऊन वाळवायला, प्लग काढून पुसायला, हंगामानंतर टाकी रिकामी करून कार्बोरेटर कोरडा होईपर्यंत इंजिन चालवायला अर्धा तास लागतो आणि लक्ष लागते. विनोबा कर्माला विकर्माची, म्हणजे आतल्या मनाची, जोड द्यायला सांगत. मन लावून केलेला तो अर्धा तास गरिबाच्याही आवाक्यातला आहे. उलट बिघाडाचा भुर्दंड सर्वांत जड त्यालाच जातो.

या धर्मालाही सीमा आहे. टू-स्ट्रोक इंजिनात ताजे मिश्रण आत येण्याची आणि धूर बाहेर जाण्याची वाट काही क्षण एकदमच उघडी असते, म्हणून थोडे पेट्रोल न जळताच हवेत जाते. कितीही निगा राखली तरी तेवढा दोष उरतो. म्हणून रिंगा झिजलेले, धूर ओकणारे यंत्र केवळ जुन्याच्या मायेने चालवत राहणे हा यज्ञ नाही, ती आसक्ती आहे. ज्या दिवशी दुरुस्ती झीज भरण्याऐवजी सृष्टीवर नवी झीज लादू लागते, त्या दिवशी यंत्राला निरोप द्यावा. खांदे शेकणारा शेतकरीही थकलेल्या बैलाला पुन्हा जुवाखाली घालत नाही.

तेव्हा येत्या खंडेनवमीला इंजिनाला हार घालण्याआधी त्याचे झाकण उघडावे. फिल्टर धुवावा, प्लग पुसावा, तेल पाहावे, पंपाची नळी हाताने चाचपावी, पात्याचे कव्हर घट्ट बसवावे. घरातल्या मुलामुलींना शेजारी बसवून ते दाखवावे. त्यानंतर हळद-कुंकू लावावे. बैलाच्या मानेने आपल्याला जो क्रम शिकवला तो हाच आहे: आधी झिजलेली जागा, मग फुले.