हात हलका ठेवा

वस्तरा पाजवायला शिकताना आधी जोर विसरावा लागतो. सुरी घासायची सवय असलेला माणूस दगडावर हात दाबतो आणि वस्तऱ्याचं वाटोळं करतो. वस्तऱ्याची पाठ जाड असते आणि पातं दोन्ही अंगांनी खोलगट. पाठ आणि धार दोन्ही एकदम दगडावर टेकवायच्या. कोन मोजत बसायला नको. घडवणाऱ्यानं तो पाठीच्या जाडीतच ठरवून दिलेला असतो. दगडावर वस्तरा चालतो धार पुढे ठेवून, चामड्याच्या पट्ट्यावर पाठ पुढे ठेवून. पट्ट्यावर पलटायचा तो पाठीवरून. चुकून धारेवरून पलटला की पट्टा चिरतो आणि आतापर्यंतची मेहनतही जाते. सायकल उभी करून चाकावर सुऱ्या-कात्र्यांना धार लावणारे पेठांतून येतात. त्यांच्याकडे मात्र वस्तरा देऊ नये. ठिणग्या उडतात तिथे पातळ पोलादाचं पाणी उतरतं.

हे सगळं आज पुण्यात हौसेनं शिकणारा बहुधा नाभिकाच्या घरातला नसतो. तो हजार, चार हजार, आठ हजार नंबरचे दगड मागवतो, रविवारची सकाळ त्यात घालवतो आणि त्याला ध्यान म्हणतो. म्हणो बापडा. धोकटीत वाटी-नराणीशेजारी दगड असायचा, तेव्हा त्या घासण्याला ध्यान म्हणायला कुणी आलं नाही. ते बलुत्याचं काम होतं.

सलूनमध्ये वस्तऱ्याची नुसती मूठ उरली आहे. तिच्यात अर्धं ब्लेड अडकवतात आणि गिऱ्हाईक उठलं की फेकतात. जिलेटला 1904 साली पेटंट मिळालं. पाजवायला नको, पट्ट्यावर ओढायला नको, हीच त्याच्या रेझरची जाहिरात होती. आपल्याकडे खुर्चीवरच्या वस्तऱ्याला खरा धक्का दिला तो एड्सच्या धास्तीनं. त्यात हळहळण्यासारखं काही नाही. माझ्या गळ्याशी येणारं ब्लेड माझ्यासमोरच पाकिटातून निघावं, असं मलाही वाटतं. फरक एवढाच, की ओरखडा उठला तर कारागीर आता ब्लेडकडे बोट दाखवू शकतो. पूर्वी धारही त्याचीच असे.

कसबाचं कौतुक करताना आपण दगड आणि पोलाद यांच्याबद्दल भरभरून बोलतो. समोर मान कुणाची आहे, हे सोयीस्करपणे वगळतो. ज्या वस्तऱ्यानं दाढ्या होत, त्याच जातीच्या वस्तऱ्यानं ब्राह्मण विधवांचं केशवपन होई. पुण्यात 1888 पासून आगरकरांचा ‘सुधारक’ अशा रूढींवर तुटून पडत होता, सनातनी शास्त्रार्थ काढत होते. पण लेख कुणीही लिहो, शेवटी वस्तरा धरणारा हात लागायचाच. 1890 मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं नाभिक एकत्र आले आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही, असं ठरवलं. रूढी त्या एका ठरावानं संपली नाही. तरी ज्यांना या वादात कुणी मत विचारलं नव्हतं, त्यांनीच हातातलं काम खाली ठेवलं.

रविवारच्या हौशी माणसाला हे ठरवावं लागत नाही. तो वस्तरा स्वतःच्याच गालावर चालवतो. फार तर हनुवटीला तुरटी लावायची वेळ येते. नाभिकाची धार कायम दुसऱ्याच्या अंगावर होती. ती किती लागली हे कळायला हातावरचा केस कापून पाहणं पुरेसं होतं. ती कुणावर चालवायची नाही, हे मात्र त्याला जातभाईंसोबत बसून, गिऱ्हाइकी गमावण्याची तयारी ठेवून ठरवावं लागलं.