विद्या, पत्ते आणि लोभ

पत्त्यांविषयी आपल्या भाषेचे मत काही फारसे चांगले नाही. पत्ते नेहमी 'कुटले' जातात आणि ते कुटणारा माणूस रिकामटेकडा ठरतो. तरीही दिवाळीच्या सुट्टीत फराळाची ताटे बाजूला सरकल्यावर जिथे डाव मांडला जात नाही, असे घर विरळाच. सावंतवाडीच्या कारागिरांनी तर गोल गंजिफांवर साक्षात विष्णूचे दहा अवतार चितारले. एकेका अवताराची बारा पाने, अशी ती १२० पानांची दशावतारी गंजिफा. तेव्हा खेळाच्या पानावर चार शहाणपणाच्या गोष्टी रंगवाव्यात, ही कल्पना आपल्याला परकी नाही.

परंतु आजच्या मुलांचे पत्ते निराळे आहेत. १९९३ साली अमेरिकेत रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाने 'मॅजिक : द गॅदरिंग' नावाचा खेळ काढला. त्यात सर्वांचा मिळून एक जोड नसतो; ज्याने त्याने आपली पाने विकत घ्यायची, अदलाबदल करायची आणि आपला जोड आपणच रचायचा. पाने मिळत ती बंद पुडक्यात. पंधरा पानांत दुर्मिळ पान एक, आणि ते कोणते हे पुडके फाडल्याखेरीज कळायचे नाही. १९९६ मध्ये जपानात पोकेमॉनचे पत्ते आले आणि हे वेड जगभर घरोघरी शिरले. मूलद्रव्यांची सारणी पाहून जांभई देणारा तेरा वर्षांचा मुलगा शेकडो काल्पनिक प्राण्यांचे बलाबल घडाघडा सांगतो, हा चमत्कार तेव्हापासूनचा. २००२ साली केंब्रिजच्या अँड्र्यू बामफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटिश मुलांना चित्रे दाखवून हे तपासलेही. आठ वर्षांपुढच्या मुलांना आपल्याच देशातल्या झाडाप्राण्यांपेक्षा पोकेमॉनची नावे कितीतरी अधिक येत होती!

साहजिकच शिकवणाऱ्यांच्या मनात आले, की याच वाटेने विद्या का नेऊ नये? कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातून 'फायलो' हा पत्त्यांचा खेळ निघाला तो याच विचाराने. त्यातले प्राणी खरे असतात. वनस्पतीशेजारी तिला खाणारा, त्याच्याशेजारी त्याला खाणारा, अशी अन्नसाखळी मांडायची. हवामान आणि अधिवास जुळला तरच पान बसते. मग वणव्यासारख्या एखाद्या अरिष्टाचे पान पडते आणि मांडलेला डाव मोडतो. पाठ्यपुस्तकातला एक अख्खा धडा मुलाने इथे न कंटाळता भोगलेला असतो.

हे सारे मला आवडते. तरी मनात एक शंका राहतेच. कडू औषध मधातून द्यावे, यात वावगे काही नाही. पण या पत्त्यांतला मध केवळ खेळाचा आहे काय? त्यात बंद पुडक्याची हुरहुर आहे, शेजाऱ्याजवळ नाही ते आपल्याजवळ असल्याचा तोरा आहे, आणि बापाच्या खिशाच्या खोलीप्रमाणे मुलाचा जोड बळकट होण्याची सोय आहे. 'मॅजिक'च्या आरंभीच्या नियमांत तर एकेक पान पणाला लावून जिंकणाऱ्याने ते घेऊन जाण्याची रीत होती. दिल्याने वाढते ती विद्या, असे आपण पिढ्यान् पिढ्या मुलांना सांगत आलो. पत्ता मात्र दिला की आपल्याजवळून जातो. मग विद्याच पत्त्यावर छापली, तर मूल त्या दोहोंपैकी कोणाचा धर्म उचलील?

'दुर्मिळ' हा शब्दच घ्या. पत्त्याचे दुर्मिळपण छापखान्यात ठरते. मालकाच्या मनात आले तर उद्या त्याच्या लाख प्रती निघतील. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर ज्याच्यासाठी अभयारण्य राखले, तो माळढोक असा पुन्हा छापता येत नाही. देशभरात आता दोनशेही उरले नाहीत. माळढोकाचे पान हाती आल्यावर मूल 'मिळाला!' म्हणून नाचले, तर त्याला पक्ष्याचे नाव आले, पण धडा उलटा झाला. ते दुर्मिळपण मिरवायचे नसून त्याची काळजी वाहायची आहे, हे खेळाने नाही सांगितले तर मास्तरांनी सांगितले पाहिजे.

आणि सांगता येते! लोभाची नांगी मोडण्याचे साधन त्याच पत्त्यांत आहे, ते म्हणजे गणित. समजा, शंभर तऱ्हेची पाने आहेत, सगळी सारखीच मुबलक, आणि एकेक पान न पाहता विकत घ्यायचे आहे. पुरा संच जमायला सरासरी किती पाने घ्यावी लागतील? सुमारे ५१९. त्यातल्या शेवटच्या एका पानापायीच सरासरी शंभर खरेद्या होतात. मात्र दहा मित्रांनी आपली जादा पाने एकमेकांना देऊन टाकायचे ठरवले, तर दहा संचांना ५१९० च्या निम्मीही पाने लागत नाहीत. चौदा वर्षांच्या मुलाने हा हिशेब एकदा स्वतःच्या हाताने मांडला, की पुडके विकणाऱ्याचे इंगित त्याला कळते. शिवाय देण्यात फायदा असतो, ही नीतिपाठातली कोरडी गोष्ट आकड्यांनी सिद्ध झालेली दिसते.

म्हणून माझे मत विचाराल तर पत्त्यांना शाळेत जरूर येऊ द्यावे. पण पुडक्याला दाराबाहेर ठेवावे. पाने सर्वांना सारखी मिळावीत. 'फायलो'ची पाने संगणकावरून फुकट उतरवून छापता येतात, हे मला त्या खेळाच्या नियमांइतकेच मोलाचे वाटते. त्याहून बरे म्हणजे पाने मुलांनीच करावीत. जुन्या लग्नपत्रिकांचा पुठ्ठा कापावा, परसातला भारद्वाज, ओढ्यातला खेकडा, कुंपणावरची घाणेरी चितारावी, आणि कोण काय खातो हे पाहूनच लिहावे. असे पान दुसऱ्याला देऊन टाकले तरी ते काढताना पाहिलेला भारद्वाज मुलाजवळच राहतो.