कॅमेऱ्याची साक्ष

'कॅमेरा खोटे बोलत नाही' असे आपण इतक्या सहजपणे म्हणतो की, न्यायालयापासून वर्तमानपत्रापर्यंत सर्वत्र छायाचित्राला साक्षीदाराचा मान मिळाला आहे. हल्ली यंत्राकडूनच बनावट चित्रे रचून घेता येऊ लागल्यामुळे या मानाला धक्का बसला खरा. पण तो विषय येथे बाजूस ठेवू. माझी शंका प्रामाणिक छायाचित्राविषयीच आहे.

भिंगाचे छिद्र किती उघडावयाचे व पडदा किती वेळ उघडा ठेवावयाचा, या दोन गोष्टी छायाचित्रकाराच्या हाती असतात. छिद्र एफ/२.८ व वेळ सेकंदाचा ५०० वा भाग, किंवा छिद्र एफ/१६ व वेळ सेकंदाचा १५ वा भाग. दोन्ही वेळा आत येणारा प्रकाश जवळजवळ तितकाच. तरीही चित्रे दोन! पहिल्यात धावता मनुष्य जागीच थबकतो व त्याच्यामागचा रस्ता विरघळून जातो. दुसऱ्यात दुकानावरची पाटीसुद्धा वाचता येते, पण मनुष्याचा मात्र धूसर पट्टा होतो. यांतले खरे कोणते? 'दोन्ही' हे उत्तर सोपे आहे. त्याने निवड करणाराची जबाबदारी सुटत नाही.

डागेरने १८३८ मध्ये पॅरिसमधील बुलव्हार द्यु ताँप्ल या वर्दळीच्या रस्त्याचे चित्र घेतले. प्रकाशग्रहणास काही मिनिटे लागल्यामुळे गाड्याघोड्यांचा व चालत्या माणसांचा मागमूसही त्यात उमटला नाही. उरला तो बूट पुसून घेण्यासाठी थांबलेला एक गृहस्थ, आणि त्याच्या पायाशी बूट पुसणाराची अस्पष्ट आकृती. येथे कोणाचेच कपट नाही. त्या काळच्या रसायनांची गतीच तेवढी. परंतु आज जो मुद्दाम पडदा उघडा ठेवून गजबजलेला चौक निर्मनुष्य करतो, त्याला ही सबब मिळणार नाही.

उलट टोकाला मायब्रिजचा घोडा. दौडत्या घोड्याचे चारही पाय जमिनीपासून सुटतात ते पोटाखाली गोळा झालेले असताना, पुढेमागे फाकलेले असताना नव्हे, हे त्याच्या १८७८ च्या छायाचित्रांनी दाखविले. जेरिकोने १८२१ मध्ये रंगविलेले एप्समच्या शर्यतीचे घोडे त्यामुळे चुकीचे ठरले. शिल्पकार रोदँने मात्र चित्रकाराचीच बाजू घेतली. काळ कधी थांबत नाही, म्हणून थांबलेला घोडा दाखविणारे छायाचित्रच खोटे, असा त्याचा युक्तिवाद. मला तो पुरता पटत नाही. डोळ्याला न दिसणारे ते असत्य, असे मानले तर सूक्ष्मदर्शक यंत्रही खोटारडे ठरावयाचे!

छिद्राचा प्रश्न अधिक नाजूक आहे. सॅन फ्रान्सिस्कोकडील काही छायाचित्रकारांनी १९३२ मध्ये अतिसूक्ष्म छिद्राच्या अंकावरून आपल्या मंडळाचे नाव एफ/६४ असे ठेवले. जवळचा खडक व दूरचा डोंगर सारखेच रेखीव दिसावेत, हा त्यांचा आग्रह. खडक-डोंगरांचे ठीक आहे. पण दुष्काळात अन्नछत्रापुढे उभ्या असलेल्या मुलाचे चित्र घ्यावयाचे झाले तर? छिद्र मोठे ठेवावे, तर मुलाचे डोळे काळजाला भिडतात. परंतु त्याच्यामागची रांग, कोठाराचे कुलूप, पहारेकरी हे सारे मऊ धुक्यात जाते, आणि उपासमार हे जणू त्या एकट्याचे दुर्दैव होऊन बसते. छिद्र लहान ठेवावे, तर कुलूप दिसते. मात्र शंभर चेहऱ्यांत तो चेहरा हरवतो व पाहणारा पान उलटतो. मी स्वतः दुसऱ्या चित्राच्या बाजूचा आहे. ते मुखपृष्ठावर शोभत नाही, एवढाच त्याचा दोष.